गुऱ्हाळाला जाऊन मुलं काय शिकतात?

प्राथमिक शाळेच्या फाटकाशी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक पालकांची: "पोरगं दिवसभर माती कालवतंय, काड्या मोजतंय, मग अभ्यास करतंय कधी?" दुसरी शिक्षकांची: "कृती घेतली, मुलांना मजा आली, पण आठवड्यानं विचारलं तर एकालाही धड सांगता येईना." दोन्हींत तथ्य आहे. मूल हातानं काही करत असतं तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते समजून घेतलं तर कुठली कृती कामाची आणि कुठली नुसती तास भरून काढणारी, हे ओळखता येतं. क्षेत्रभेटीचंही तसंच. म्हणून आधी मैदानावरच्या एका कृतीकडे जरा जवळून बघू आणि मग शाळेच्या बाहेर पडू.

काठीची सावली

चौथीच्या वर्गाला विचारा, "दुपारी बारा वाजता आपली सावली कुठे असते?" वर्ग एका सुरात ओरडेल, "पायाखाली!" मोठ्यांना विचारलं तरी बहुतेक जण हेच सांगतील. आता डिसेंबरातल्या एखाद्या स्वच्छ दिवशी, समजा कोल्हापूरजवळच्या एखाद्या शाळेत, मैदानावर एक मीटर उंचीची काठी सरळ रोवायची. साडेदहापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा, लांबी मोजायची आणि वेळेसकट वहीत मांडायची. बारा वाजतात. सावली पायाखाली तर नाहीच, उलट काठीपेक्षा थोडीशीच आखूड आहे. साडेबाराच्या सुमारास ती सगळ्यांत आखूड होते, आणि तेव्हासुद्धा ती भरते ८४ सेंटीमीटरच्या आसपास. त्यानंतर ती पुन्हा वाढायला लागते.

इथे मुलांचे दोन समज एकदम कोसळतात. सावली बारा वाजता सगळ्यांत आखूड असते हा एक, आणि दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो हा दुसरा.

पहिल्याचं कारण घड्याळात आहे. आख्ख्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. कोल्हापूर त्या रेषेच्या आठ-सव्वाआठ अंश पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य सगळ्यांत उंच पोचायला तेहतीसेक मिनिटं उशीर होतो. मुंबईत हा उशीर ३८ मिनिटांच्या घरात जातो, नागपुरात मात्र चौदाएक मिनिटांचाच. शिवाय पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या कललेल्या अक्षामुळे ही वेळ वर्षभरात पंधराएक मिनिटं मागेपुढे होत राहते, पण चौथीत तेवढं खोलात जायची गरज नाही.

दुसऱ्याचं कारण ऋतूंत आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो. कोल्हापुरात तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून फक्त दोनदा, मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं. त्यामुळे सावली खरोखर पायाखाली गेलेली आपल्याकडच्या शाळकरी मुलांना सहसा बघायलाच मिळत नाही, आणि तरी पायाखालची सावली सगळ्यांना तोंडपाठ!

आता हीच कृती आधी प्रश्न न विचारता घेतली असती तर? मुलांनी खडे ठेवले असते, पट्टीवरून थोडी भांडणं झाली असती, तक्ता भरला असता आणि सूर्य दुपारी डोक्यावर येतो हा समज शाबूत ठेवून सगळे वर्गात परतले असते. आपली अपेक्षा काय होती हेच ठाऊक नसेल, तर ती चुकली हेही कळत नाही. स्मरणशक्तीचा हिशेब साधा आहे: डोकं ज्या गोष्टीत गुंतलेलं असतं, ती गोष्ट पक्की होते. गोलगोल, छान खडे शोधण्यात ते गुंतलं असेल तर खडे लक्षात राहतात. बाराची सावली कुठे पडणार यावर पैज लागलेली असेल, तर सावली लक्षात राहते.

म्हणून अंदाज आधी, आणि तोही लेखी. तोंडी अंदाजाचा उपयोग नसतो, कारण निकाल दिसल्यावर अर्धा वर्ग "मला माहीतच होतं" म्हणून मोकळा होतो. वहीत लिहिलेलं मागे घेता येत नाही. काठीशेजारी जमिनीवर खडूनं खूण करून तिथे आपलं नाव लिहायला लावलं तर आणखी उत्तम.

बारा वाजून गेल्यावरची दहा मिनिटं या कृतीत सगळ्यांत मोलाची. कुणी म्हणतं काठी वाकडी आहे, कुणी म्हणतं बाईंचं घड्याळ पुढे आहे. या वेळी शिक्षकानं तोंड बंद ठेवणं हे फार मोठं कौशल्य आहे, आणि ते बीएड-डीएडला कुणी शिकवत नाही. काठी वाकडी आहे का? मग गवंड्याचा ओळंबा आणा आणि लावून बघा. घड्याळ चुकलंय का? मोबाइलवरच्या वेळेशी ताडून बघा. दोन्ही शंका मुलांनीच खोडून काढल्या की तिसरी वाट शोधावी लागते. तिथून पुढे मात्र शिक्षकानं बोलायचंच आहे. ८२.५ अंश रेखांश कुठलंही मूल मैदानावर स्वतःहून शोधून काढणार नाही.

हे ठासून सांगण्याचं कारण आहे. "मुलांना साहित्य द्या, ती आपोआप शिकतात" हे वाक्य प्रशिक्षणांत इतक्यांदा कानावर पडतं की ते खरं वाटायला लागतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिसरी-चौथीच्या ११२ मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले होते. उताराचा तिरकसपणा, पृष्ठभाग, चेंडू आणि तो कुठून सोडायचा ती जागा, या सगळ्या गोष्टी बदलता येत होत्या. शिकायचं होतं ते एवढंच: एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच कशामुळे काय झालं ते सांगता येतं. निम्म्या मुलांना हे उदाहरण देऊन उलगडून सांगितलं, निम्म्यांना तेच साहित्य देऊन मोकळं सोडलं. सांगितलेल्यांपैकी ७७ टक्क्यांना ते जमलं, मोकळ्या सोडलेल्यांपैकी २३ टक्क्यांनाच. साहित्य दोघांच्याही हातात होतं, हे विसरू नका.

काड्यांचा गठ्ठा आणि खोट्या नोटा

गणितात हाच घोळ थोडा वेगळ्या रूपात दिसतो. दुसरी-तिसरीत वजाबाकी शिकवताना दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करतात. ४३ म्हणजे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या. त्यातून १७ काढायच्या. सात सुट्या काढायला हात घातला तर तीनच सापडतात, मग एक गठ्ठा सोडावा लागतो. तीन गठ्ठे आणि तेरा सुट्या. त्यातून सात गेल्या, एक गठ्ठा गेला, राहिले २६. काड्यांशी खेळताना हे मुलांना पटापट जमतं.

आणि तरीही तीच मुलं वहीत ४३ वजा १७ बरोबर ३४ लिहितात! तीनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून तीन घालवून मोकळी होतात. काड्यांचं ज्ञान काड्यांपाशीच राहिलं. कारण काडी आणि अंक यांच्यामधला पूल कुणी बांधलाच नाही. काड्या बाजूला ठेवल्या, वही उघडली, आणि मुलाच्या लेखी दुसरा विषय सुरू झाला.

हा पूल दोन प्रकारे बांधता येतो. एक म्हणजे दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालवायची: रबर सुटलं त्याच क्षणी वहीतला ४ खोडून वर ३ लिहायचा आणि शेजारच्या ३ चे १३ करायचे. एकानं काड्या हलवायच्या, दुसऱ्यानं लिहायचं, आणि दोघांचं जुळत नसेल तर थांबायचं. दुसरा प्रकार म्हणजे मध्ये चित्राची पायरी घालायची. गठ्ठ्याच्या जागी उभी रेघ, सुट्या काडीच्या जागी ठिपका. वस्तू, मग चित्र, मग अंक. मधली पायरी वेळ खाते म्हणून ती गाळली जाते आणि मग सहावीपर्यंत हातच्याची बोंब राहते.

आणखी एक गंमत. साहित्य जितकं हुबेहूब, तितकं चांगलं असा आपला समज असतो. खेळण्यातल्या नोटा अगदी खऱ्यासारख्या असाव्यात, फळांची चित्रं रंगीत असावीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुलांना पैशांची शाब्दिक उदाहरणं घातली होती. ज्यांना सोडवायला हुबेहूब नोटा-नाणी दिली, त्यांच्या चुका जास्त झाल्या. नोट खरी वाटली की लक्ष नोटेवर जातं, तिच्या किमतीवरून सरकतं. चूक करण्याची तऱ्हा मात्र बदलली. हुबेहूब नोटा हाताळणाऱ्यांचा हिशेब चुकत होता, पण उदाहरणात नेमकं काय विचारलंय याच्या आकलनातल्या चुका त्यांच्या कमी होत्या. म्हणजे बाजार म्हणजे काय हे समजून घ्यायला खरी नोट बरी, आणि हिशेब पक्का करायला साधा कागदाचा तुकडा. शोरूममधून आणलेल्या महागड्या किटपेक्षा चिंचोके आणि काड्या अनेकदा सरस ठरतात, ते यामुळेही.

शाळेबाहेर

कोल्हापूर भागातली मुलं गुऱ्हाळाच्या वासावर वाढतात. दिवाळीच्या सुमाराला चुलवाणं पेटतात ती पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही गुऱ्हाळ बघणं आणि गुऱ्हाळाचा अभ्यास करणं यांत अंतर आहे. चालत जाता येईल अशा अंतरावरचं गुऱ्हाळ धरू आणि तिथली भेट कशी बांधता येते ते बघू.

आदल्या दिवशी वर्गात एकच प्रश्न: "शंभर किलो उसापासून गूळ किती निघेल?" अंदाज ऐंशी, नव्वद, पन्नास असे येतात. एखादं शेतकऱ्याचं पोर बरोबर सांगतं, त्याला गप्प बसवू नका, त्याचाही अंदाज फळ्यावर लिहा. खरा आकडा दहा-अकराच्या घरात असतो. मग उरलेले नव्वद किलो जातात कुठे? हा प्रश्न घेऊनच मुलं गुऱ्हाळावर पोचली पाहिजेत.

आता प्रत्येक टप्प्यावर त्यांना काहीतरी शोधायचं असतं. चरकात ऊस जातो, एकीकडून रस येतो, दुसरीकडून चिपाड पडतं. रस भरतो साठ-पासष्ट किलो. म्हणजे पस्तीस-चाळीस किलो इथेच वेगळं झालं. हे चिपाड पुढे कुठे जातं? बाहेर वाळत पसरलेलं दिसतं आणि वाळलेलं चुलवाणात जाताना दिसतं. ऊस शिजवायला जळण उसाचंच! आमच्यासारख्या मोठ्यांना यात नवल वाटत नाही, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे स्वतःला सापडलं की ते घरी जाऊन सगळ्यांना सांगतं.

काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या पसरट कढईत, रस तापायला लागला की त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. ते रसातला गाळ धरून वर आणतं, आणि ती मळी झाऱ्यानं काढून टाकतात. मग सुरू होतं खरं काम, ते म्हणजे पाणी उडवणं. काहिलीवर वाफेचा लोट असतो. उरलेलं वजन कुठे गेलं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आभाळात चढत असतं, पण "वाफ" हा शब्द तिसरीपासून पाठ असूनही हीच ती, आपली हरवलेली पन्नासेक किलो, हे फार थोड्या मुलांच्या डोक्यात येतं. इथे एका प्रश्नाचा टेकू पुरतो: "रसाचं वजन कमी होतंय, मग जातंय कुठे?"

पाणी शंभर अंशाला उकळतं हेही पुस्तकातलं. गूळ शिजवणारे गुळव्यामामा मात्र काहील ११८ अंशांच्या आसपास पोचल्यावर उतरवतात. पाण्यात साखर जितकी जास्त विरघळलेली, तितकं ते जास्त तापमानाला उकळतं. पाणी उडत गेलं की साखरेचं प्रमाण वाढत जातं आणि तापमानही चढत जातं. त्याच्या कितीतरी आधी, एकशे पाचेक अंशांना काढून घेतली ती काकवी. आणि थर्मामीटर? तो बहुतेक गुऱ्हाळांवर नसतोच. मामा पाकाचे चार थेंब थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळतात आणि भांड्यावर आपटतात. टणक आवाज आला की काहील उतरवायची. हे मोजमापच आहे, फक्त आकड्याशिवायचं. एखादा हुशार गुळव्या आणि एखादा थर्मामीटर यांची परीक्षा शेजारी-शेजारी घेता आली तर चौथीच्या मुलांना "अनुभव" आणि "उपकरण" यांचं नातं जेवढं कळेल, तेवढं पुस्तकाच्या कुठल्याच पानावरून कळणार नाही.

मग पाक गार व्हायला वाफ्यात ओतणं, घोटणं, रवे म्हणजे ढेपा भरणं. इथे मुलांचं लक्ष हमखास सुटतं, कारण गरम गूळ खायला मिळतो. सुटू द्या.

परत आल्यावरचा दिवस मात्र सोडू नका. शाळेच्या दृष्टीनं भेट संपलेली असते, हजेरी लागलेली असते, फोटो गटावर गेलेले असतात, आणि मुलांना "गुऱ्हाळाला भेट" या विषयावर दहा ओळी लिहायला सांगून प्रकरण मिटवलं जातं. त्या दहा ओळी सगळ्यांच्या सारख्याच: आम्ही सकाळी निघालो, आम्हाला खूप मजा आली. त्याऐवजी फळ्यावरचे आदल्या दिवशीचे अंदाज पुन्हा समोर आणा आणि शंभर किलोचा जमाखर्च मांडायला सांगा. चिपाड किती, मळी किती, वाफ किती, गूळ किती, बेरीज शंभर होते का? ज्याची होत नाही त्याचं काय निसटलं? पुढच्या इयत्तांत वस्तुमान, बाष्पीभवन, टक्केवारी ही नावं येतील तेव्हा त्यांना टेकायला काहीतरी असेल. एखादी चौकस मुलगी विचारेल, बाजारातला गूळ इतका पिवळाधमक कसा आणि इथला काळपट कसा. मग गुळाचा रंग उजळायला घालतात त्या हायड्रॉस नावाच्या रासायनिक पावडरीचा विषय निघतो, आणि तिच्या घरचा गूळ त्या दिवसापासून बदलण्याची शक्यता असते.

नवी जागा म्हणजे अर्ध्या डोक्याला सुट्टी

मुलं भेटीच्या ठिकाणी पोचली की उनाडपणा करतात, अशी तक्रार असते. यावर १९७० च्या दशकातच अमेरिकेत अभ्यास झाले. मुलं संपूर्णपणे अनोळखी जागी गेली की तिथलं नवेपणच त्यांचं लक्ष खाऊन टाकतं: पाणी कुठे, शौचालय कुठे, तो भुंकणारा कुत्रा कुणाचा, डबा कधी उघडायचा. शिकवण्यासाठी ठरवलेली गोष्ट मागे पडते. त्या जागेची आधीपासून सवय असलेली मुलं तीच गोष्ट जास्त चांगली शिकतात. यात मुलांचा वांडपणा नाही, अनोळखी जागा आधी हुंगून घेणं हा सगळ्याच प्राण्यांचा स्वभाव आहे.

पुढे नव्वदच्या दशकात इस्रायलमधल्या संशोधकांनी या नवेपणाचे तीन भाग पाडले: जागा कशी आहे, तिथे काय शिकायचं आहे, आणि दिवसभरात आपलं काय होणार आहे. तिन्हींची थोडी थोडी ओळख आधी करून दिली तर प्रत्यक्ष ठिकाणी डोकं मोकळं राहतं. करायला हे अगदी सोपं आहे. जागेचा फळ्यावर नकाशा, चरक इथे, काहील तिथे, आपण या दोरीच्या अलीकडे. एक ग्लास उसाचा रस वर्गातच चाखून बघायचा. आणि दिवसाचं वेळापत्रक: पाणी कधी, डबा कधी, परत किती वाजता. पहिली दहा मिनिटं नुसतं हिंडायला द्यायची हेही यातच आलं.

याच कारणासाठी मला दूरच्या एका भेटीपेक्षा जवळच्याच ठिकाणी दोनदा गेलेलं जास्त पटतं. आठवडी बाजार, ओढा, पोस्ट, पाण्याची टाकी, कुंभाराची भट्टी. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा तोच ओढा बघितला की फरक दिसायला लागतो, आणि फरक दिसला की प्रश्न सुचतात.

मग दूरच्या, भव्य जागी नेण्यात काही अर्थच नाही का? आहे. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात बेंटनव्हिल या गावी २०११ साली एक मोठं कलासंग्रहालय उघडलं. शाळांच्या सहलींची एवढी झुंबड उडाली की कुणाला आधी न्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं. संशोधकांना हे आयतंच सापडलं: चिठ्ठी निघालेल्या आणि न निघालेल्या मुलांची तुलना. सुमारे ११ हजार मुलं या अभ्यासात होती. भेट तासाभराची, पाचेक चित्रं आणि त्यांवर गप्पा. काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा मुलांना चित्रांतले तपशील चांगले आठवत होते. त्यातलं एक चित्र मेपलच्या झाडाच्या रसापासून पाक करणाऱ्या लोकांचं होतं. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या साखरधंद्याला पर्याय म्हणून गुलामगिरीचे विरोधक हा पाक बनवत होते, ही गोष्ट ते चित्र बघितलेल्या ८८ टक्के मुलांच्या लक्षात राहिली होती. नवं चित्र नीट बघून त्याबद्दल विचार मांडण्याची क्षमताही वाढलेली दिसली, आणि ही वाढ खेड्यातल्या आणि गरीब घरांतल्या मुलांत जास्त होती. ज्या घरांतून अशा ठिकाणी एरवी कुणी नेणार नाही, त्या मुलांसाठी शाळेनं नेणं हीच एकमेव संधी असते. सुखवस्तू शाळांच्या रिसॉर्ट सहलींचं मला कौतुक नाही. पण वाडीवरच्या मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणचं वस्तुसंग्रहालय दाखवायला निघालेल्या शिक्षकाला खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर ध्यानात घ्यावा.

हे काही नवं खूळ नाही

"हे सगळं परदेशी फॅड" असं कुणी म्हणालं तर त्याला वर्ध्याची वाट दाखवावी. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची मांडणी केली. सूतकताई, शेती, सुतारकाम हे वेगळे विषय म्हणून ठेवायचे नव्हते, त्यांच्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केलं, त्यात कुरणशाळा होती. मुलं गुरं सोडून शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. आज आपण मुलांना बसमध्ये घालून परिसर दाखवायला नेतो, त्यांनी परिसरात राहणाऱ्या मुलांपर्यंत शाळा नेली. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमानं खेड्यातल्या साध्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगातून विज्ञान शिकवून दाखवलं. त्यातूनच घडलेल्या अरविंद गुप्तांनी पुढे पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब, काडेपेटीतल्या काड्या आणि रिकाम्या बाटल्यांची शेकडो खेळणी करून ती सगळ्यांसाठी फुकट खुली केली.

कायदाही बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकणं स्पष्ट लिहिलेलं आहे. परिसर अभ्यास हा विषय तर नावापासूनच बाहेर बोलावतो. तिसरीसाठी बालभारतीनं जिल्ह्याजिल्ह्याची वेगवेगळी पुस्तकं काढली, ती उगाच नाही. दहाएक वर्षांपूर्वी साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातल्या, कृतीतून शिकवण्याचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. बघून गेल्यावर अनेक ठिकाणी उचललं गेलं ते फरशीवरचं रंगकाम. मुलांनी काय बोलायचं आणि शिक्षकानं कधी गप्प बसायचं, हे मागेच राहिलं. दप्तराशिवायच्या आनंददायी शनिवारचंही हेच होण्याची धास्ती वाटते. आनंद असू दे, पण त्याला एखादा प्रश्न तरी जोडलेला हवा.

आता अडचणींचं

द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बाहेर मुलं घेऊन गेले की मागे दुसऱ्यांवर तीन-तीन वर्ग पडतात. त्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि सतरा प्रकारच्या ऑनलाइन माहित्या. "क्षेत्रभेट घ्या" असं वरून सांगणाऱ्यांना हे दिसत नाही. यावर एक तोडगा म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना सोबत घेणं. त्यांना नुसतं मुलं सांभाळायला न बोलावता माहीतगार म्हणून बोलवावं. गावात कुणी गवंडी असतो, कुणी पोस्टमन, कुणी पाणी सोडणारा. पाणी सोडणाऱ्या काकांना टाकीत किती लिटर बसतं आणि ती किती वेळात भरते हे पाठ असतं, आणि त्यावर पाचवीची निम्मी गणितं होतात.

सुरक्षिततेबाबत हलगर्जी नको. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सगळ्याच सहलींचे नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पालकांचं संमतीपत्र, मुख्याध्यापकांची परवानगी, प्रथमोपचार पेटी, जोडीदार पद्धत, दर टप्प्यावर मोजणी, हे सगळं जवळच्या भेटीलाही लागू. काहील असेल तिथे दोरी बांधूनच मुलांना आत न्यायचं, कारण एकशे अठरा अंशांचा पाक अंगावर उडाला तर तो चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा कितीतरी खोल भाजतो. आदल्या दिवशी शिक्षकानं एकट्यानं जाऊन जागा बघून यायची, मामांशी बोलून यायचं आणि कुठल्या वेळी काहील उतरणार ते विचारून ठेवायचं. नाहीतर मुलं पोचतात तेव्हा चरक बंद असतो आणि मामा जेवायला गेलेले असतात.

लांब जायचंच असेल तर शाळांच्या सहलींना एसटीत निम्म्या भाड्याची सवलत आहे. आगाराकडे अर्ज मात्र वेळेत करावा लागतो, कारण हिवाळ्यात सगळ्याच शाळांना एकाच आठवड्यात गाड्या हव्या असतात.

आणि फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांसाठी: मूल घरी आल्यावर "आज मजा आली का?" असं विचारलंत तर "हो" एवढंच उत्तर मिळेल. "तुला आधी काय वाटलं होतं, आणि निघालं काय?" असं विचारून बघा. सांगण्यासारखं काही नसेल तर दुसऱ्या दिवशी बाईंना भेटा. सांगायला लागलं तर चहा गार होईपर्यंत ऐकावं लागेल, आणि अर्ध्या वाटेत काठी कुठे आहे, ओळंबा कुणाकडे मिळेल, अशी विचारणा सुरू होईल.